हात वर

धायरी, पुणे
१२ जानेवारी २०२५

प्रिय उत्कर्षा,

प्रभूमध्ये सलाम.

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, फोनवर ब्लॉक केलंस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. म्हणून हे पत्र. बेंगळुरूचा तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, श्रद्धाकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. सदाशिव पेठेत तिच्या खोलीवर जाऊन मी समोर बसूनच राहिले, तेव्हा बिचारीने निदान अभ्यास तरी होऊ दे म्हणून दिला.

नाताळ झाला. तुझ्याशिवाय झाला. आल्यागेल्याला मी सांगत होते, "उत्कर्षाला सुट्टी नाही मिळाली." शेजारी बसलेले तुझे पप्पा सांगत होते, "रागावलीय." त्यांना ऐकू येत नाही त्यामुळे मी काय सांगितलंय हे त्यांना कळत नाही आणि आमचे दोन जबाब कधी जुळत नाहीत.

तुझा राग मला कळतो. पहिल्या नोकरीच्या पगारातून तू पप्पांच्या कानाच्या मशीनसाठी पैसे साठवलेस. दिवाळीला नवे कपडे घेतले नाहीस, दुपारचा डबाही बंद केलास, ते मला तू सांगितलं नाहीस तरी दिसलं. हंगामाच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी शनिवार पेठेतल्या दुकानात माप द्यायला जायचं ठरलं होतं. आणि त्या सोमवारी आम्ही कुठे होतो? धायरी फाट्यावर शेळीसाठी चारा शोधत होतो.

तू लहानपणापासून आपल्या चर्चच्या हंगामाच्या सणाचा लिलाव पाहिला आहेस. लोक भोपळे, अंडी, कोंबड्या आणून अर्पण करतात आणि कचरूमामा त्यांचा लिलाव करतात. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस तो. ज्याचा हात वर दिसला त्याचं तिकीट फाडल्याशिवाय पुढे जात नाही. कुणी डोकं खाजवलं तरी बोली धरतात. त्या दिवशी शेळीची बोली चढत चढत गेली, मोठमोठे लोक थांबले, आणि तिसऱ्या बाकावरून पप्पांचा हात वर गेला. कंपनी बंद पडून चार महिने झालेले, घरात पगार नाही, आणि हे शेळी घेतायत! सगळं चर्च वळून बघायला लागलं. मी त्यांचा सदरा ओढत होते. त्यांना वाटलं, मी उठायला सांगतेय. ते उभे राहिले. हात वरच. तुझे मशीनचे पैसे शेळीला गेले.

तू फोनवर विचारलंस, "पप्पा, हात चुकून वर गेला एवढं सांगता येत नव्हतं?" तो प्रश्न मी त्यांच्या उजव्या कानात इतक्या मोठ्याने ओरडून विचारला, की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली. पप्पा म्हणाले, "हात वर केला तो केला." आणि तू म्हणालीस, "मग आता मीही हात वर केले. माझ्याकडून कसलीच अपेक्षा ठेवू नका."

असे आपण. पप्पांनी एक हात वर केला, तू दोन्ही.

तब्येत सांभाळ. जेवत जा.

तुझी,
मम्मी


२ मार्च २०२५

प्रिय उत्कर्षा,

सलाम. आधीचं पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. वाचलंस की नाही ते तू आणि प्रभू जाणोत.

शेळीची खबर देते, कारण आमच्या घरात सध्या बातमी म्हणावी अशी तीच आहे. पहिल्या आठवड्यात ती तिसऱ्या मजल्यावर आपल्या गॅलरीत होती. चौथ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: "इमारतीत शेळी ठेवण्यास मनाई आहे. ठेवल्यास तिच्या नावे देखभाल शुल्क आकारले जाईल. शेळीने सूचना वाचली नव्हती ही सबब चालणार नाही." पप्पांनी ती मन लावून वाचली आणि म्हणाले, अक्षर छान आहे.

मग जुन्या गावठाणातल्या सुंदराबाई धावून आल्या. त्यांच्या साड्यांना मी फॉल-पिको करून देते ना, त्या. गोठा रिकामाच पडलाय त्यांचा. म्हणाल्या, "आणा की हिकडं. जागा हाय, दावं हाय. शेळी काय भाडं बुडवून पळून जाणार हाय व्हय?" आता ती तिथे असते. पप्पा सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जातात. नाव ठेवलंय लिलावती. का, ते तुला सांगायला नको. दूध काही देत नाही. विकतचं आणते तेच मी दोन वेळा तापवून ठेवते, म्हणजे नासत नाही.

अजून एक सांगायचं आहे. सांगावं की नाही, याचा विचार करत होते. शेळी घेतली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले होते. पाकीट घेऊन. म्हणाले, "अल्हाट, मंडळीला तुमची परिस्थिती माहीत आहे. हे परत घ्या, कुणाला काही वाटणार नाही." मी चहाचं आधण टाकत होते. खरं सांगते, मी मनात दुकानापर्यंत पोचलेसुद्धा होते. पप्पांनी पाकीट हातात घेतलं, उघडून बघितलं, परत बंद केलं आणि म्हणाले, "हे वेणूबाईंच्या खिचडीचे आहेत ना? मग माझ्याकडे कसे आले?"

मी इतकी चिडले, की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना कळलंच नाही.

वेणूबाई तुला आठवत असतील. आपल्या मंडळीच्या सेविका. त्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलबाहेर, फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना दुपारी खिचडी वाढतात. कुणी म्हटलं तर प्रार्थना करतात, नाही म्हटलं तर नुसती खिचडी. गेल्या दिवाळीनंतर ते काम बंद पडायच्या बेतात होतं. गॅसवाल्याने आणि किराणावाल्याने उधारी बंद केली होती. हंगामाच्या लिलावाचे पैसे त्या सेवेसाठीच होते. हे तुला तेव्हाही सांगणार होते, पण तू फोन ठेवला होतास.

परवापासून पप्पा त्यांच्यासोबत वाढायला जातात.

तुझी,
मम्मी


३० मार्च २०२५

प्रिय उत्कर्षा,

लिलावती व्याली! शेळी गाभण होती हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं, घेणाऱ्याला तर शेळीच माहीत नव्हती. सुंदराबाई मात्र आम्हाला हसत होत्या. "तिचं प्वाट बघून बी कळंना? शिकल्याली माणसं तुमी!" एक बोकड आणि एक पाठ, म्हणजे मादी, अशी दोन करडं झाली. बोकड पप्पांनी सुंदराबाईंना देऊन टाकला. त्या नको नको म्हणाल्या, पण म्हणताना दोर हातात घट्ट धरला होता. पाठ आपल्याकडे. काळीभोर आहे आणि एक कान पांढरा. पप्पा म्हणतात, "माझ्यासारखी. एक कान कामाचा."

लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस चालू आहेत. परवा उपासनेहून येताना बसमध्ये मी पप्पांच्या उजव्या बाजूला बसले आणि इतक्या महिन्यांनी नीट विचारलं. म्हटलं, "त्या दिवशी हात का वर केलात? शेळी पाहिजे होती?"

ते म्हणाले, "शेळी कशाला पाहिजे होती? मला काय माहीत शेळीचं चाललंय?"

"मग?"

"कचरूमामा समोर उभा राहून सगळ्यांना काहीतरी विचारत होता. त्याचं तोंड बघितलं. मला वाटलं, साक्ष देतायत. या वर्षी देवाने कुणाकुणाला सांभाळलं, असं विचारतोय. कुणीच हात वर करेना. मला वाईट वाटलं. एवढ्या चर्चमध्ये एकपण हात नाही? म्हणून मी केला."

मग म्हटलं, "अहो, पण चूक कळल्यावर खाली घ्यायचा ना."

"कसा घेऊ? म्हणजे काय सांगू मी, की सांभाळलं नाही म्हणून?"

उत्कर्षा, तेव्हा नोकरी गेलेली, माझा दमा उठलेला, आणि हा माणूस हात वर करून उभा. तो प्रसंग आठवला की मला रडू येतं आणि दुसऱ्या क्षणी हसू येतं. बसमधली माणसं बघत होती. स्वारगेटला उतरायचं सोडून आम्ही पुढे गेलो.

तुला हे कळायला हवं म्हणून लिहिलं. तू माफ करावंस म्हणून नाही. बरं, तेही थोडं आहेच.

तुझी,
मम्मी


१७ ऑगस्ट २०२५

प्रिय उत्कर्षा,

मध्ये बरेच महिने लिहिलं नाही. चांगलं काही लिहिण्यासारखं नव्हतं आणि वाईट लिहायचं नव्हतं. पण तू हुशार आहेस, दूध दोन वेळा तापवते म्हटल्यावर तुला कळलंच असेल की फ्रीज विकला. त्याच्याबद्दल सहानुभूती दाखवू नकोस. बर्फ तरी कुठे नीट होत होता त्याच्यात.

पप्पांना नोकरी मिळत नाही. मुलाखतीला जातात. परवा एका गोदामात साहेबाने विचारलं, "आधी काय करत होता?" यांना वाटलं चहा घेता का विचारतोय, म्हणाले, "हो, दोन्ही वेळा." साहेबाने सह्या तपासण्याचं काम आहे सांगितलं, यांनी शिव्या ऐकल्या आणि उठून आले. मी हसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र हसले नाही. कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांजवळ आयुष्य घालवून कान गेला, आणि आता कान नाही म्हणून काम नाही. मशीन असतं तर, हा विचार माझ्याही मनात येतो. तुझ्या एकटीच्या मनात येतो असं समजू नकोस.

तरी ते रोज हॉस्पिटलला जातात. मी एकदा म्हटलं, आपल्या डब्यात काय आहे ते बघा आधी. ते म्हणाले, "आहे ना डबा. तिथे काहींकडे डबासुद्धा नाही." आणि बसचे पैसे वाचावेत म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत चालत गेले.

गेल्या गुरुवारी मीही गेले, हा माणूस तिथे नक्की करतो काय ते बघायला. खिचडी वाढून झाली. एक बाई आली, बीडकडची. मुलगा आत आयसीयूत. पप्पांच्या शेजारी फुटपाथवर बसली आणि बोलायला लागली. मुलगा कसा हुशार, मोटारसायकल कशी घेतली, नवरा कसा बोलेनासा झाला. ती डाव्या बाजूला बसली होती, तुला कळलं ना, डाव्या! पप्पांना अक्षर ऐकू येत नव्हतं. ते तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत होते. मध्येच ती थांबली की हे तिच्या थाळीत खिचडी वाढायचे. शेवटी ती डोळे पुसून उठली आणि वेणूबाईंना म्हणाली, "ह्ये काका लई चांगलं ऐकत्यात. आमच्या घरात असं ऐकणारं कुणी न्हाई."

वेणूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. दोघी भिंतीकडे तोंड करून हसलो. आणि मग मला वाटलं, खरंच की. आपण सगळे कान असलेले, आपण कुठे असं बसतो कुणाजवळ?

पण एक लिहिते, रागावू नकोस. सगळ्यांचं ऐकणाऱ्या या माणसाला ऐकायचा आहे तो आवाज तुझा. माझा फोन घेऊन तुझा जुना व्हिडिओ लावतात, ऑफिसच्या पहिल्या दिवसाचा. आवाज पूर्ण मोठा करतात, उजव्या कानाला लावतात, मग बघायचं राहतं म्हणून काढून बघतात, मग परत कानाला लावतात.

मला तुझी फार आठवण येते. सरळच लिहिलं.

तुझी,
मम्मी


२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय उत्कर्षा,

यंदाचा हंगामाचा सण नऊ नोव्हेंबरला आहे. पप्पांनी जाहीर केलंय की पाठ अर्पण करायची.

मी भांडले. हे तुला आधीच सांगते, नाहीतर तू म्हणशील मम्मी नेहमी पप्पांची बाजू घेते. सुंदराबाई तिला चांगली किंमत द्यायला तयार आहेत. त्यातून फ्रीज नाही तर नाही, मशीनचा पहिला हप्ता तरी जमला असता. मी उजव्या कानात सगळा हिशेब मांडला. पप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लिलावतीचं पहिलं वेत आहे. पहिलं आपलं नसतं. आणि खिचडीचा तांदूळ महिन्याभराचाच उरलाय."

म्हटलं, "आपल्याकडे तरी किती उरलाय?"

म्हणाले, "म्हणूनच. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

सुंदराबाई तिथेच होत्या. मला वाटलं त्या माझ्या बाजूने बोलतील. त्या म्हणाल्या, "द्या वो ताई. आमी बी पहिली भाजी देवाला ठेवतोच की." दोघं एक झाले. मी काय करणार? घरी आले आणि त्या पाठीसाठी उरलेल्या साडीच्या काठाची गळ्यात बांधायची पट्टी शिवली. निदान दिसू दे तरी बरी.

श्रद्धा म्हणत होती, यंदा बाहेरगावच्या लोकांना फोनवरून लिलाव दाखवणार आहेत. सहज कानावर आलं म्हणून लिहिलं. तुला वेळ नसेलच.

तुझी,
मम्मी


१० नोव्हेंबर २०२५

प्रिय उत्कर्षा,

काल रात्री आपण फोनवर बोललो, म्हणजे तू रडलीस आणि मी रडले, त्याला बोलणं म्हणत असतील तर. त्यामुळे आता पत्राची गरज नाही. पण सवय लागली आहे. शिवाय तुला फोनच्या चौकोनातून जेवढं दिसलं तेवढंच कळलं. चर्चमध्ये काय झालं ते ऐक.

पाठीचा नंबर शेवटी आला. पप्पा स्वतः तिला घेऊन पुढे उभे राहिले. एका हातात दोर. कचरूमामांनी बोली सुरू केली. यंदा सगळ्यांचेच हात आखडते आहेत, बोली रडतखडत चालली होती. मी मान खाली घालून बसले होते. एवढी जीव लावून वाढवलेली ती, आणि भाव भोपळ्याचा.

तेव्हा मागच्या बाकावरून श्रद्धा फोन उंच धरून पुढे आली. ती पप्पांच्या अगदी समोर येऊन थांबली. मी बघितलं, पडद्यावर तू. बारीक झाली आहेस. डोळ्याला चष्मा कधी लागला? पप्पांना आधी कळलं नाही. मग त्यांनी डोळे बारीक केले आणि पुढे वाकले.

आणि तू हात वर केलास.

"बेंगळुरू!" कचरूमामा ओरडले. "बेंगळुरूची बोली आली! पुढे चला, पुढे चला!"

पप्पांना ते कुठे ऐकू येतंय? त्यांना फक्त तुझा हात दिसला. त्यांनी मोकळा हात वर केला आणि हलवायला लागले.

"अल्हाट! अल्हाटांनी वाढवली!"

तू परत हात हलवलास. "बेंगळुरू!" पप्पांनी जोरात हलवला. "अल्हाट!" अगं, सगळं चर्च उभं राहिलं. बापलेकीत बोली लागली, तीही बापाच्याच शेळीवर! लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. पाळकसाहेब मध्ये येऊन सांगतायत, "अल्हाट, हात खाली घ्या, तुमचीच पाठ आहे ती," आणि यांचा हात काही खाली येत नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एकात दोर, दुसरा वर. पाठ बिचारी घाबरून वेणूबाईंच्या पदराला लागली.

शेवटी मीच उठले आणि त्यांचा हात धरून खाली घेतला. तेव्हा वरचा हात तुझ्या एकटीचा राहिला.

कचरूमामांनी तीनदा विचारलं. मग फोनजवळ तोंड नेऊन विचारलं, "बाळ, बोली होती की बापाला हात करत होतीस? चुकून असेल तर सोडून देऊ. मंडळी काही म्हणणार नाही."

स्पीकरवर तुझा आवाज आला, वर्षभराने: "मामा, हात वर केला तो केला."

पप्पांना ऐकू आलं नाही. मी उजव्या बाजूला जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी मला तीन वेळा सांगायला लावलं. पहिल्यांदाच कळलं होतं, ते मला ठाऊक आहे. त्यांना फक्त पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं.

वेणूबाई म्हणाल्या, ईस्टरपर्यंतच्या तांदळाची काळजी मिटली.

आता व्यवहाराचं. पाठ तुझी झाली. बेंगळुरूला न्यायची तर तिथली सोसायटी कशी सूचना लिहिते ते आधी बघून ठेव. नाहीतर सुंदराबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आईजवळ." तिचं नाव मी मुद्दाम ठेवू दिलेलं नाही, ते तू ठेव.

मशीनचं तू काल परत काढलंस. पप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. या वेळी पैसे पाठवू नकोस. त्यांच्या हातात पैसे देण्यात अर्थ नाही, तो हात कधी वर जाईल सांगता येत नाही. नाताळला ये आणि स्वतः त्यांना शनिवार पेठेत घेऊन जा. मशीन बसलं की पहिला आवाज तुझा असू दे. माझा त्यांनी पुष्कळ ऐकलाय.

बोलीचे पैसे कचरूमामा नाताळपर्यंत थांबायला तयार आहेत. तेही स्वतःच आणून दे. आणि एक सांगते, आता दोन्ही हात वर करू नकोस.

तुझी,
मम्मी

ता.क. खालची ओळ पप्पांची आहे. जागा कमी ठेवली, कारण ते लिहायला बसले की थांबत नाहीत. पण त्यांनी एवढंच लिहिलं.

बेटा, काय बोललीस ते मम्मीने सांगितलं. पण हात मी स्वतः बघितला.
— पप्पा